लोत्ते अकरा वाजता कुठे जाते

माणसाचा राग ही त्याची अगदी खासगी मिळकत असते. घर जाईल, दात जातील, नवरा जाईल, पण राग शेवटपर्यंत आपल्याच मालकीचा राहतो. तो कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, की दोन दिवसांसाठी मागूनही नेऊ शकत नाही.

नेदरलँड्समधल्या हार्लिंगनच्या बंदरावर हेरिंग मासे विकणाऱ्या वीत्स्के होकस्त्राला हे विधान लागू नव्हतं. तिचा राग तिच्या जावयाने तेरा-तेरा सेकंदांच्या तुकड्यांत कापून, खाली मोठी अक्षरं आणि कोपऱ्यात हसणारा मासा लावून मोबाईलवर चढवला होता. एका आठवड्यात तो चाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यातल्या कितीजणांनी तो पूर्ण पाहिला, कितीजण अर्ध्यात उठले आणि उठलेले कोणत्या वयाचे होते, याचे रंगीत आलेख जावयाकडे होते. वीत्स्केकडे फक्त राग होता, आणि तोही आता वापरलेला.

तिची टपरी पुलाच्या तोंडाशी. बेटांवर जाणारी बोट सुटते तिथून हाकेच्या अंतरावर. बाई सत्तावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, हातात आखूड पात्याची सुरी. काहींचा राग नाकावर असतो. हिचा त्या सुरीच्या टोकावर असे. गिऱ्हाइकाने माशाकडे बोट केलं की ती म्हणणार, “बोट आत घे, तेही कापून जाईल.” दोनदा तोंड पुसणाऱ्याला म्हणणार, “एवढं स्वच्छ राहायचं तर दूध प्यावं.” गावातल्या कोणालाही याचं काही वाटत नसे. आमच्या फ्रीसलंडमध्ये ज्याच्याशी गोड बोलतात तो एक तर परका असतो, नाही तर मरणाला टेकलेला.

आणि रोज अकराच्या सुमारास डाउवे यायचा.

डाउवे हा पुलावरचा जुना राखणदार. हयातभर त्याने पूल वर केला, खाली केला, आणि जाणाऱ्या होडीपुढे गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट सोडून त्यात टोलची नाणी गोळा केली. आता पूल दूरच्या कुठल्या खोलीतून कॅमेऱ्यात बघून उघडतात. डाउवेला घरी बसवलं, बूट त्याने घरी नेला. तेव्हापासून त्याच्या दिवसात एकच काम उरलं होतं.

“कांदा कमी घाल.”

“कांदा कमी हवा तर इस्पितळात जेव. तिथे मीठही कमी घालतात.”

“मासा खारट आहे.”

“समुद्रातला आहे तो. तुझ्या बादलीतला नाही.”

“हिल्के असताना असा नसायचा.”

“हिल्के तुला आत बसवून कॉफी द्यायचा, म्हणून तुझी जीभ बिघडली.”

मग ती त्याच्या माशावर नेहमीपेक्षा मूठभर जास्त कांदा टाकी. डाउवे शेपूट धरून मासा वर उचली, मान मागे टाके, आणि शेपटीखेरीज सगळं गिळून पुलाकडे बघत उभा राही. दोघांत प्रेम वगैरे काही नव्हतं. असं कोणी सुचवलं असतं तर दोघांनी मिळून त्याला धक्क्यावरून ढकललं असतं.

हिल्के म्हणजे वीत्स्केचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी गेला. दफनानंतर तिसऱ्या दिवशी तिने टपरी उघडली तर सारं गाव आलं. जो तो खाली बघून, हळू आवाजात, “बरी आहेस ना” म्हणत होता. इतक्या मऊपणे बोलत होते की आपणच मेलोय की काय असं तिला वाटायला लागलं. अकराला डाउवे आला. हेरिंग खाल्ली. म्हणाला, “खारट आहे.” त्यावर तिने त्याला असं फैलावर घेतलं की छपरावरचे समुद्रपक्षी उडाले. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिला भूक लागली. नंतर या गोष्टीबद्दल दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढलं नाही.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं एक जुनं वचन आहे. वीत्स्केचा दहावा ग्रह आमर्सफोर्टहून आला होता. नाव बास्तियान. चौतीस वर्षांचा, सरळमार्गी, भांडी घासणारा. कंपन्यांना त्यांची गिऱ्हाइकं कशी असतात ते सांगणाऱ्या एका कंपनीत तो घरूनच काम करी. दारू नाही, बाहेरख्यालीपणा नाही. त्याला फक्त मदत करायची सवय होती.

“मेम,” तो म्हणाला. आमच्याकडे आईला मेम म्हणतात, आणि हा फ्रीसलंडबाहेरचा हॉलंडर पहिल्या दिवसापासून सासूला मेम म्हणत होता, याबद्दल तिने त्याला पूर्ण माफ केलं नव्हतं. “मेम, तुमचं चॅनल काढू या. छोटे व्हिडिओ. तुमच्या हातात जादू आहे.”

“हातात सुरी आहे,” ती म्हणाली. पण मुलगी नीन्के म्हणाली, “करू दे ग त्याला, मेम, नाहीतर तो माझं स्वयंपाकघर सुधारेल,” म्हणून तिने करू दिलं.

पहिला व्हिडिओ मासा साफ करण्याचा होता. तो खरोखर बघण्यासारखा होता. कल्ल्यामागे टोक घालायचं, एका हिसक्यात आतडं बाहेर, मग अंगठ्याने पाठीच्या कण्याशी वाट काढायची, आणि कणा असा उचलायचा की दोन्ही फाकी शेपटीला जोडलेल्या राहतात. हे सगळं ती बोलत बोलत, न बघता करी. दोन दिवसांनी बास्तियान लॅपटॉप घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. तिने त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

“हे बघा, मेम. ही रेघ म्हणजे बघणारी माणसं. इथे शंभरातली शंभर आहेत. आणि इथे, तिसऱ्या सेकंदाला, एकोणतीस.”

“बाकीची कुठे गेली?”

“पुढे गेली. बोटाने सरकवून.”

“तिसऱ्या सेकंदाला मासा अजून उघडलेलाही नसतो.”

“तोच तर मुद्दा आहे.”

“हा हात बसायला मला तीस वर्षं लागली, बास्तियान.”

“तीस वर्षं आलेखात दिसत नाहीत,” तो म्हणाला. तो हे कुजकेपणाने बोलला नव्हता. कुजकेपणाने बोलला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

पुढचे सहा व्हिडिओही तिसऱ्या सेकंदाला मेले. मग एके दिवशी तो मोबाईल फळीवर टेकवून ठेवून कॉफी आणायला गेला आणि मागे डाउवे आला. कांदा, मीठ, बादली, हिल्के, सगळं नेहमीसारखं झालं, आणि सगळं मोबाईलमध्ये गेलं. बास्तियानने त्यातले तेरा सेकंद कापून लावले.

या वेळी रेघ पडली नाही. उलट सातव्या सेकंदाला, जिथे वीत्स्के “बादलीतला” म्हणते, तिथे ती वर चढली.

“वर कशी चढेल? शंभरात एकशेवीस माणसं कुठून येतात?”

“तीच माणसं परत बघतात. व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि ती थांबून राहतात.” बास्तियानचे डोळे चमकत होते. “मेम, लोकांना मासा नकोय. त्यांना तुम्ही चिडलेल्या हव्या आहात.”

वीत्स्केने बिस्किटांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

त्यानंतर लोत्ते आली. आली म्हणजे कागदावर आली. बास्तियानच्या धंद्यात असं करतात की आकडे गोळा करून त्यातून एक माणूस बनवायचा, त्याला नाव द्यायचं, फोटो द्यायचा आणि मग जे करायचं ते त्या माणसासाठी करायचं. निळा स्वेटर घातलेल्या, दोन्ही हातांनी कप धरून खिडकीबाहेर बघणाऱ्या एका बाईचं चित्र त्याने छापून आणलं आणि टपरीत व्हिनेगरच्या बरणीवर चिकटवलं.

“ही लोत्ते. तुमची सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक. वय एकतीस, इथेच, आपल्या पंचक्रोशीत राहते. बाकीचे येतात आणि जातात, ही रोज असते. एकच व्हिडिओ तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा बघते.”

“हिला काम नाही?”

“घरून काम करत असणार. लहान मूल असणार. मी अंदाजाने बसवलंय ते सगळं. तिच्या आयुष्यात सगळे तिच्याशी समजुतीने बोलतात, म्हणून तिला राग बघायचा असतो. आणि हे बघा.” त्याने दिवसाच्या तासांचा आलेख दाखवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत निळे खांब उभे होते, मध्ये एक दात पडल्यासारखी फट. “अकराच्या सुमारास ती नसते. रोज. मुलाला बागेत नेत असणार.”

“अशा किती लोत्ते आहेत?”

“तो आकडा दाखवत नाहीत. फार थोडे लोक असले की दाखवत नाहीत. गोपनीयता.”

“म्हणजे थोड्या आहेत.”

“म्हणजे मौल्यवान आहेत,” बास्तियान म्हणाला.

दोन्ही हातांनी कप धरणाऱ्या बाईवर वीत्स्केचा मुळातच विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून टपरीचं सगळं लोत्तेच्या मर्जीने चालू लागलं. लोत्तेला माशाबद्दल ऐकायचं नसतं. पहिल्या दोन सेकंदांत आवाज चढला नाही तर लोत्तेचं लक्ष उडतं. लोत्तेला हिरवा ॲप्रन आवडत नाही, लाल आवडतो. बास्तियानने व्हिडिओंचं वेळापत्रक छापलं आणि सासूच्या घरी, वाढदिवसांची दिनदर्शिका सगळ्यांकडे जिथे असते तिथेच, म्हणजे संडासात, तिच्यावरच टांगलं. त्यामुळे नीन्केच्या मावशीचा वाढदिवस वीत्स्के विसरली, आणि मावशीने जे ऐकवलं त्याचाही व्हिडिओ झाला असता तर बरं झालं असतं, असं बास्तियान म्हणाला.

राग मागून येत नाही. वीत्स्केला हे आतापर्यंत ठाऊक असण्याचं कारणच पडलं नव्हतं. तिच्याकडे तो न मागता यायचा. आता बास्तियान मोबाईलमागून हलकेच म्हणे, “मेम, दुसऱ्या सेकंदाला,” आणि दुसऱ्या सेकंदाला तिच्या घशात काही नसे. मग ती आवाज चढवी, पण तो राग नव्हता, रागाचा लाल ॲप्रन होता. खरा राग दहा मिनिटांनी येई, बास्तियानचा, आणि तो तिच्या पोटातच राही, कारण तो बाहेर काढला तर हाच मनुष्य हर्षाने उडी मारून म्हणाला असता, “हे परत कराल?”

जुलैत पाहुणे यायला लागले. जर्मनीतल्या हानोव्हरचं एक जोडपं टपरीपुढे उभं राहिलं. बाईने मोबाईल वर धरला, नवरा म्हणाला, “आम्हालाही शिव्या घाला ना.”

“काय देऊ?”

“काही नको. शिव्याच.” मग जरा ओशाळून, “बरं, एक हेरिंग. आणि खायला दोन काटे.”

एक हेरिंग आणि दोन काटे. वीत्स्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी ती खरी होती, तीस वर्षांच्या हाताची, तिसऱ्या सेकंदाला निघून गेलेल्या एकाहत्तर माणसांची, लाल ॲप्रनची. ती त्या दोघांना इतकं आणि असं बोलली की शेजारच्या बटाटे तळणाऱ्याने जाळ बारीक केला. माशाला काटे लावणाऱ्यांना, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला साडेतीनशे किलोमीटर येणाऱ्यांना, स्वतःच्या घरात भांडायची हिंमत नसणाऱ्यांना. तिला दम लागला तेव्हा ती थांबली.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागे रांगेत उभे होते त्यांनीही वाजवल्या. बास्तियानने अंगठा वर केला. वीत्स्केला आयुष्यात पहिल्यांदा आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने मासा साफ केला आणि तो कोणीही पाहिला नाही.

त्या रांगेच्या टोकाला डाउवे होता. हल्ली त्यालाही ओळखत. “बादलीवाले आजोबा,” असं म्हणून त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत. बास्तियानने त्याला दोनदा सांगितलं होतं की डाव्या बाजूला उभे राहा, उजवीकडे ऊन मोबाईलमध्ये येतं. डाउवे दोन्ही वेळा “हं” म्हणाला आणि उजवीकडेच उभा राहिला. त्या दिवशी त्याची पाळी आली तेव्हा त्याने कांदा कमी घाल म्हटलं नाही. मोबाईलकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“एक विचारू?”

“विचार. फुकट आहे.”

“तू माझ्यावर ओरडतेस की त्याच्यासाठी?” त्याने हनुवटीने मोबाईल दाखवला. “बुटात नाणं कोणी टाकलं ते मला दिसायचं. तुला कोण देतंय ते दिसतं का?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बास्तियान कुजबुजला, “हं, आता.”

तिने तोंड मिटलं. डाउवेने मासा खाल्ला, शेपूट टाकली आणि तो गेला. खारट आहे, असंही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी वीत्स्केने ठरवलं की आता यांना काहीही मिळणार नाही. रागाचा एक कणही नाही. चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, कोणाला टोचून बोलायचं नाही. रेघ पडू दे. लोत्तेला कप धरून खिडकीबाहेर बघत बसू दे. आपल्याच पाण्याचा नळ आपण बंद करायचा, बघू कोण पितं. या बेताचा तिला इतका आनंद झाला की ती शिट्टी वाजवत भांडी धुऊ लागली, आणि तिथेच, आमच्या लोकांखेरीज कोणाच्याही हातून होणार नाही अशी चूक तिच्या हातून झाली.

दुसऱ्या दिवशी अकराला डाउवे आला. बास्तियान मोबाईल धरून तयार होता.

“सुप्रभात, डाउवे,” वीत्स्के म्हणाली. “आज हवा छान आहे. काय देऊ?”

डाउवेने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“हेरिंग,” तो सावकाश म्हणाला. “कांदा कमी घाल.”

“अर्थातच.”

आणि तिने कांदा कमी घातला. चिमूटभर. वर कागदी रुमाल दिला, घडी घालून.

डाउवेने त्या माशाकडे असं पाहिलं जसं माणूस डॉक्टरच्या हातातल्या कागदाकडे पाहतो. शेपूट धरली, खाल्ला. तोंड पुसलं नाही. रुमाल घडीसकट खिशात ठेवला.

“मासा खारट आहे,” तो म्हणाला. तो जवळजवळ विनवत होता.

“माफ कर हं,” वीत्स्के म्हणाली. “उद्या लक्ष ठेवते.”

बास्तियानने मोबाईल खाली केला. “मेम, हे नाही चालणार.” तिने त्याच्याकडे बघून स्मित केलं, आणि ते करण्यात ती इतकी दंग होती की डाउवे कुठल्या बाजूने गेला तेही तिने पाहिलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिल्यांदा तिला वाटलं, पाऊस आहे. मग वाटलं, कंबर धरली असेल. पावणेअकरा वाजले की ती एक चांगला मासा बाजूला काढी, कांदा चिरी आणि मग साडेअकराला तोच मासा कुणा सायकलवाल्याला गोड बोलून विकी. गोड बोलून बोलून तिचे गाल दुखायला लागले. गावातले लोक टपरीपुढे दबकून उभे राहू लागले. पोस्टातल्या बाईने हळूच नीन्केला विचारलं, “तुझ्या मेमला काही झालंय का? खरं सांग. कुठली गाठबीठ?”

आठवड्याने नीन्केचा फोन आला.

“मेम, डाउवेला पाहिलं मी.”

“आजारी आहे?”

“नाही. सुपरमार्केटमध्ये होता. बसलीयेस ना? हेरिंग घेत होता. प्लॅस्टिकच्या डब्यातली. कांद्याची वेगळी पुडी असते ना, ती.”

वीत्स्केने फोन ठेवला. नवरा गेल्याची बातमी तिने याहून शांतपणे घेतली होती.

तेवढ्यात टपरीवर बास्तियान आला, लॅपटॉप घेऊन, आणि हसत. तो हसत आला याची नोंद घेतली पाहिजे, कारण बाकी सगळी आकडेवारी वाईट होती. नवे व्हिडिओ मेले होते. पाहुणे आटले होते. हानोव्हरहून आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने तिच्या नम्रपणाबद्दल तक्रार लिहिली होती.

“पण लोत्ते आहे, मेम. लोत्ते गेली नाही. उलट वाढली. जुने व्हिडिओ बघते, बादलीचा सगळ्यात जास्त. आणि हे बघा.” त्याने तासांचा आलेख पुढे केला. निळे खांब सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग उभे होते. “फट भरली. आता ती अकरालाही कुठे जात नाही. तिला तुमची उणीव भासतेय. एकदा, फक्त एकदा तुम्ही पूर्वीसारख्या...”

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“अकराला जायची बंद झाली ते.”

त्याने बघितलं. “गेल्या मंगळवारपासून. का?”

गेल्या सोमवारी तिने कांदा कमी घातला होता. पण वीत्स्के त्या क्षणी हिशेब करण्याच्या अवस्थेत नव्हती. तिच्यापुढे फक्त निळा स्वेटर होता. ही बाई. हिच्यासाठी ॲप्रन बदलला, हिच्यासाठी माशाबद्दल बोलणं बंद केलं, हिच्यापायी नऊ वर्षांची सवय मोडून एक म्हातारा डब्यातला मासा खातोय, आणि ही अजून कप धरून बसलीच आहे.

“बास्तियान,” ती म्हणाली, “तू चांगला मुलगा आहेस. नीन्केला सुखात ठेवतोस. आता लॅपटॉप मीट, नाहीतर मी त्याचा कणा काढीन.”

त्याने मिटला. तो हळूच मोबाईल काढेल असं तिला वाटलं, पण त्याने काढला नाही. आपण काय गमावतोय ते बहुधा त्यालाही पहिल्यांदाच दिसलं असावं, कारण ते पहिल्या दोन सेकंदांत बसणारं नव्हतं.

वीत्स्केने एक हेरिंग साफ केली, तीस वर्षांच्या हाताने. तिच्यावर तीन मुठी कांदा टाकला. मग व्हिनेगरच्या बरणीवरून लोत्ते उपटली आणि तिच्यातच मासा गुंडाळला.

डाउवेचं घर कालव्याच्या वरच्या अंगाला. तिथवर जाताना तिने काय काय बोलायचं ते ठरवलं, आणि ते तेरा सेकंदांत मावणारं नव्हतं. सुपरमार्केटपासून सुरुवात, पुडीतल्या कांद्यावर शेवट. ती घराजवळ आली आणि तिला ऐकू आलं की कोणीतरी तिच्या आधीच सुरू केलंय.

“समुद्रातला आहे तो. तुझ्या बादलीतला नाही,” आतून तिचाच आवाज म्हणत होता. मग क्षणभर शांतता. मग, “कांदा कमी हवा तर इस्पितळात जेव.” मग पुन्हा बादली.

आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत; ज्याने चोरी केली असेल तो ओढतो. तिने वाकून पाहिलं. डाउवे खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, पूल वर जाताना बसायचा तसा. समोर जिरेनियमच्या कुंडीला टेकवलेला एक टॅबलेट. पायाशी त्याचा म्हातारा कुत्रा सिप पसरलेला. भिंतीवर लाकडी बूट.

तिने काचेवर, हातात तशीच राहिलेल्या सुरीच्या मुठीने टकटक केलं.

पूल उघडायला जहाजाने भोंगा वाजवला तरी कधी घाई न केलेला तो माणूस ताडकन उठला आणि त्याने टॅबलेट कुत्र्याकडे वळवला.

“सिपसाठी लावतो,” दार उघडत तो म्हणाला. “एकटा असला की भुंकतो. कोणी भांडताना ऐकू आलं की झोपतो.”

“तू घरातच आहेस की.”

“मी असलो तरी त्याला एकटं वाटतं.”

वीत्स्के टॅबलेटकडे बघत होती. “हा कोणाचा?”

“पुतणीच्या मुलीचा. ती कॅनडाला गेली, हा टाकून गेली. तिच्याच नावावर चालतो. मला त्यातलं दुसरं काही लावता येत नाही. हे एकच सारखं सारखं येतं.”

“वय काय तिचं? पुतणीच्या मुलीचं?”

“तीस. नाही, एकतीस. का?”

वीत्स्केने हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. निळ्या स्वेटरमधून तेल झिरपत होतं. तिच्या मनात जे तयार होतं, सुपरमार्केटपासून पुडीपर्यंत, ते एकदम कुठून सुरू करावं ते कळेना.

“डब्यातली हेरिंग खाल्लीस,” ती शेवटी म्हणाली.

“तू मला कांदा कमी दिलास.”

“तूच मागायचास. नऊ वर्षं रोज मागतोयस.”

“मागत होतो,” डाउवे म्हणाला. “दे कधी म्हटलं?” मग जमिनीकडे बघत, “मला वाटलं, तुला डॉक्टरने माझ्याबद्दल काही सांगितलंय.”

तिने पुडकं त्याच्या हातात कोंबलं. त्याने ते उघडलं, तीन मुठी कांद्याकडे पाहिलं, दारातच शेपूट धरून मान मागे टाकली. खाऊन झाल्यावर थोडा वेळ कालव्याकडे बघितलं.

“खारट आहे,” तो म्हणाला.

आणि मग वीत्स्के होकस्त्राने तोंड उघडलं. कालव्यावरची बदकं पलीकडच्या काठाला गेली. दोन घरं सोडून कोणीतरी खिडकी लावून घेतली आणि लगेच, सगळं ऐकू यावं म्हणून, उघडली. आत टॅबलेटवर दुसरी वीत्स्के तेरा सेकंदांचं तेच ते म्हणत होती. या वीत्स्केने वाक्य न तोडता आत जाऊन तो पालथा घातला आणि पुढे चालू ठेवलं. लोत्तेबद्दल ती काहीही बोलली नाही. डाउवेने मधे दोनदा “हं” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला तो टपरीच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, उन्हात.

संध्याकाळी बास्तियान आला, लॅपटॉपशिवाय, पण चेहरा पडलेला. लोत्ते गेली होती. एका दिवसात, काही न सांगता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही निळा खांब नव्हता. “आपलं नेमकं कुठे चुकलं, मेम?” त्याने विचारलं. तिने त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं, आणि जरा विचार करून डबा उघडाच ठेवला. ती कोण होती ते तिने त्याला सांगितलं नाही, कारण तेही डाउवेचं खासगी होतं.

कुत्र्यासाठीच लावत होतो, असं डाउवे पुढेही सगळ्यांना सांगत राहिला.

सिप चौदा वर्षांचा होता, आणि गेल्या इस्टरपासून तो दोन्ही कानांनी ठार बहिरा होता.